धुळाजींचा कान

घाटनांदूरच्या स्टेशनरस्त्याला लागून असलेल्या आपल्या घराच्या पुढच्या, पत्र्याच्या खोलीत धुळाजी रोज सकाळी नऊच्या सुमारास घोंगडीच्या घडीवर बसत. पुढ्यात सागवानी पाट, पाटावर तीन प्रतींचे दगड, निबेच्या फटीत सरकवायची पितळेची पातळ पत्री, शाईची बाटली आणि दोरीने मानेत अडकवलेले भिंग. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी बसताना गुडघे, कंबर आणि मान या क्रमाने एकेक अवयव आपली तक्रार नोंदवीत असे. धुळाजी ती शांतपणे ऐकून घेत आणि मग कामाला लागत.

काम फाउंटन पेनच्या निबा घासण्याचे. निबेच्या अग्रावर मोहरीहूनही लहान असा कठीण धातूचा एक मणी असतो, आणि लेखणी लिहिते ती त्या मण्याच्या बळावर. तो गोल ठेवावा की सपाट करावा, उजव्या अंगाने उतरता करावा की डाव्या, हे ज्याचे त्याचे अक्षर पाहून ठरवावे लागते. परदेशी निबांचा घाट रोमन लिपीच्या सोयीने केलेला असतो. देवनागरीचा दंड आणि तिची वळणे त्या घाटात अवघडून बसतात. धुळाजी त्या मण्याला बोरूसारखा तिरपा काप देत, आणि मग त्याच निबेतून उतरलेला ‘क’ शिळेवर कोरल्यासारखा उभा राही. एक गोष्ट मात्र ते प्रत्येकाला आधी बजावून सांगत. घासलेला मणी पुन्हा भरून येत नाही. एक हात जास्त पडला तर निब कायमची वाया गेली.

हे सारे ते डोळ्यांनी करीत नसत. दगडावर निबेने इंग्रजी आठाचा आकडा गिरवीत गिरवीत ते डोळे मिटून घेत आणि डावा कान पाटाकडे कलवत. खाली येणारी रेघ, वर जाणारी रेघ, डावीकडची, उजवीकडची, अशा चार दिशांचे चार स्वर त्यांना वेगळे ऐकू येत. ज्या दिशेला निब कागद ओरबाडते तिथे केसासारखा बारीक, उंच असा एक खरखरीत स्वर उमटे. तो विरेपर्यंत घासायचे, आणि विरल्यावर वरून आणखी तीन हात फिरवून थांबायचे. मधुमेहाने बोटांची टोके बधिर झाली तेव्हाही त्यांना फारशी काळजी वाटली नव्हती, कारण त्यांचे प्रमाण श्रोत्र हेच होते.

ही विद्या त्यांच्याकडे मेंढरांमागून आली. वडील हरिबा कळप घेऊन बालाघाटाच्या माळांवर फिरत आणि लोकर कातरण्याच्या कातरीला स्वतः धार लावीत. दोन पाती एकमेकींवरून सरकताना जो आवाज होतो त्यावरून कातर कुठे अडते आहे हे हरिबा सांगत, आणि पोराच्या कानाशी ती कातर उघडझाप करून त्यालाही सांगायला लावीत. दुष्काळात कळप मोडला तेव्हा धुळाजी अंबाजोगाईला एका पेनांच्या दुकानाच्या पायरीवर शिंप्यांच्या कात्र्या परजायला बसले. मालकाने एकदा गंमत म्हणून एक खरबडीत निब हाती दिली. धुळाजींनी ती कानाशी धरून कागदावर ओढली आणि टोकाच्या दोन पाकळ्यांपैकी कोणती दुसरीवर चढली आहे ते सांगितले. त्यानंतर मालकाने त्यांना कात्र्यांना हात लावू दिला नाही.

पुढे बॉलपेन आले आणि ते दुकान मिटले. धुळाजी गावी परतून वीस-बावीस वर्षे कुलपे, शिवणयंत्रे, कोयत्यांच्या धारा असे जे पुढ्यात येईल ते करीत राहिले. मग कुणा प्राध्यापकाने त्यांचे काम फोनवर टिपून जगाला दाखवले, आणि पुणे, हैदराबाद, बंगळूर इथून निबांची पार्सले येऊ लागली. या उत्तरकालीन कीर्तीचे त्यांना आरंभी कौतुक वाटले. नंतर नुसता शीण. माणसे निबेबरोबर दोन-दोन पाने इच्छा लिहून पाठवीत. पाण्यावर चालल्यासारखी हवी, पण कागदाची जाणीव राहू द्या. जाड हवी, पण बारीकही लिहिता यावे. सून सुकन्या अंगणवाडीतून आली की ती पत्रे वाचून दाखवी आणि फोनवरून उत्तरे देई. धुळाजी ऐकता ऐकता भिंतीला टेकत. त्या कोणाच्याच इच्छेत त्यांना गरज दिसत नसे.

संगीताबाईंची गोष्ट वेगळी होती. अंबाजोगाई तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत त्या मुख्याध्यापिका होत्या. मनगटात संधिवात मुरलेला. बॉलपेन दाबून लिहावे लागते, ते त्यांना चार ओळींच्या पुढे जमत नसे. भावाने कधीकाळी आणून दिलेल्या जपानी पेनची सोन्याची निब धुळाजींनी नऊ वर्षांपूर्वी त्यांच्या हाताजोगी करून दिली होती, आणि तेव्हापासून शाळेचे रजिस्टर त्या निबेवर चालले होते. यंदा पेन हातून पडून टोक वाकले. धुळाजींनी ते सरळ करून घासून दिले. महिन्याभरात निब परत आली, पुन्हा घासून गेली, आणि पुन्हा परत आली. तिसऱ्या खेपेला, दसरा उलटल्यावरच्या एका शनिवारी, संगीताबाई एसटीने स्वतःच आल्या.

त्यांच्या वस्तीतली निम्मी घरे दिवाळीच्या तोंडावर ऊसतोडीला जात. जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हाती शिक्षण हमी कार्ड द्यायचे असते. ते दाखवले की कारखान्याजवळची शाळा मुलाला त्याच्या इयत्तेत बसवून घेते. अठ्ठावन्न कार्डे होती आणि दहा दिवस होते. पूर्वी एकदा घाईने भलत्याच्या हातून लिहवलेल्या कार्डावरचे अक्षर तिकडे कोणाला लागले नाही, आणि चौथीतली एक मुलगी हंगामभर पाचटाच्या खोपीत धाकट्या भावाला सांभाळीत राहिली. तेव्हापासून कार्डे स्वतःच्या हाताने लिहायची असा बाईंचा नेम होता.

चहा झाला. निब छान आहे, असे बाई म्हणाल्या. फक्त त्या कार्डांच्या कागदावर जरा जड जाते. धुळाजींनी त्यांना तिथेच एक ओळ लिहायला लावली आणि डोळे मिटले. पाटावर काहीही ऐकू आले नाही. चार शब्द झाल्यावर बाईंनी हात मांडीवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने मनगट दाबून धरले.

“मॅडम, निब गप हाय,” धुळाजी म्हणाले. “हात आवळून धरताय तुमी. दोष हाताचा हाय.”

“असेल काका,” बाई म्हणाल्या. जाताना निब पेनासकट ठेवून गेल्या. जमले तर आणखी थोडी बघा, इतकेच बोलल्या.

धुळाजींना ते बोलणे टोचले. निबेत दोष नाही, असलाच तर कागदात आहे, हे सिद्ध करावे म्हणून सोमवारी त्यांनी बाईंनी लिहिलेली ती ओळ भिंगाखाली धरली. खाली येणाऱ्या रेघा स्वच्छ होत्या. वर जाणाऱ्या प्रत्येक रेघेच्या उजव्या कडेला कागदाचे तंतू उपटून उभे राहिले होते, नांगर फिरलेल्या तासासारखे. दोष कागदाचा असता तर तो दिशा पाहून आला नसता. त्यांनी निब भिंगाखाली घेतली. उजव्या पाकळीच्या आतल्या कडेला धारेसारखी एक बारीक कणी उभी होती. तीच निब त्यांनी कागदावर वर ओढली, निःशब्द. पुन्हा ओढली, निःशब्द. मग त्यांनी डब्यातून एक जुनी पोलादी निब काढली. ती इतकी खरबडी होती की नवशिक्यांना खरखर म्हणजे काय ते दाखवण्यासाठी त्यांनी ती तशीच ठेवली होती. तीही मौन धरून राहिली.

रस्त्यावरचा ट्रॅक्टर त्यांना ऐकू येत होता, शेजारच्या दुकानातले बोलणे शब्दन् शब्द कळत होते. बहिरेपण असे येते हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. वरचे, बारीक तेवढे नेमके निघून जावे आणि बाकीचा संसार जागच्या जागी राहावा.

सुकन्या आल्यावर त्यांनी तिला समोर बसवले आणि लोकांची उत्तरे काय येतात ते खरे खरे सांगायला लावले. ती पदराचे टोक बोटाला गुंडाळू लागली. मग सांगितले. दोन वर्षे झाली. दहांतले तीन-चार जण कळवतात की थोडी खरखर आहे, पण तुमचे काम थोर आहे, आमच्याच हाताला सवय नसेल. ती त्यांना लिही की वापरून वापरून निब बसते.

“कावून सांगितलं न्हाईस मला?”

“मामा, लोकच इतकं मानानं लिहायचे. तुमच्याम्होरं ते कसं काढावं?”

धुळाजींची बायको सारजाबाई दाराशी तूर पाखडीत होत्या. निबांचे काम घरात आल्यापासून त्यांनी दाराशी बसून या घासण्याचा आवाज ऐकला होता. लिहिता-वाचता येत नव्हते; घरात आलेल्या हजारो निबांपैकी एकही त्यांनी कधी कागदाला लावली नव्हती. धुळाजींनी त्यांच्याकडे मान वळवली आणि विचारले, हिलाही ठाऊक होते का.

“आवाज बदललाय की,” सारजाबाई सूप थांबवून म्हणाल्या. “आदी शेवटाला गप व्हायचं. आता खरखर चालू आसतानाच तुमी पुसून डब्यात ठिवता.”

“मंग?”

“तुमी कारागीर. मला काय कळतंय त्यातलं? मला वाटलं, आता लोकायला अशाच निबा लागत असतेल.”

धुळाजींनी विचारले की रातकिडे अजून ओरडतात का. सोयाबीनवरच्या फवारण्यांनी रातकिडे संपले असे ते गेली दोन-तीन वर्षे पारावर सर्वांना सांगत आले होते.

“ते कुठं गेलेत? रोज वरडतेत. तुमी सांगत फिरायले तवा लोक मान हालवायचे, म्हून मी बी गप बसले.”

सुकन्येने लातूरच्या डॉक्टरचे नाव काढले, कानातल्या यंत्राचे सांगितले. ते पुढे बघू, असे धुळाजी म्हणाले. पुढे बघण्याइतका अवधी त्या अठ्ठावन्न कार्डांना नव्हता. निब तशीच परत पाठवावी असे एकदा त्यांच्या मनात आले, आणि ते योग्यही ठरले असते. मणी आधीच तीनदा झिजला होता. भिंगातून पाहता आता एका घासण्यापुरता, फार तर सव्वा घासण्यापुरता धातू उरला होता. कणी काढायला कमी पडले तर खरखर राहणार, जास्त पडले तर टोकच जाणार. या दोहोंमधली सीमारेषा डोळ्याला दिसत नाही आणि बधिर बोटाला कळत नाही. ती फक्त ऐकू येते. पण निब परत पाठवावी तर संगीताबाईंच्या मनगटावर ठेवलेला दोष तसाच राहत होता. दोन दिवस ते पाटापुढे बसले आणि दगडाला पाणीही न लावता उठले.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते सारजाबाईंना म्हणाले, “जरा हितं बसतीस का?”

निब कागदावर ओढली की खरखर आहे की नाही तेवढे ऐकून सांगायचे, असे त्यांनी समजावले. सारजाबाईंनी ऐकून घेतले. जन्मभर ज्या पाटाला त्यांनी पोतेऱ्याशिवाय हात लावला नव्हता, त्या पाटाकडे त्यांनी पाहिले.

“मला बसवत न्हाई लई येळ,” त्या म्हणाल्या. “कंबर धरती.”

“मंग?”

त्या घोंगडीवर कुशीवर आडव्या झाल्या, पदर सारखा केला, आणि पाटाच्या दुसऱ्या टोकाला कान टेकवून डोळे मिटले. लाकडातून आवाज अधिक स्पष्ट येतो, हे तंत्र धुळाजींनी तरुणपणी शोधले होते आणि मान वाकेनाशी झाल्यावर सोडून दिले होते. सारजाबाईंना ते कोणी शिकवलेले नव्हते.

धुळाजींनी निब कागदावर वर ओढली.

“हाय,” सारजाबाई म्हणाल्या.

दगडावर दोन आकडे. पुन्हा कागद.

“हाय.”

पुन्हा दगड, पुन्हा कागद.

“कमी झालंय. भाकरीत कचकच लागती तसं हाय.”

अशी ती दुपार गेली. एकदा बराच वेळ उत्तर आले नाही. धुळाजींनी वाकून पाहिले तर पाटावर गाल ठेवून सारजाबाईंना झोप लागली होती. पहाटे चारपासून उठलेली, सत्तरीला टेकलेली बाई ती. कपाळावरचे गोंदण सुरकुत्यांत शिरून अक्षर ओळखू न येण्याजोगे झाले होते. धुळाजींनी तिला उठवले नाही. ओली निब बोटांत धरून, अवघडलेल्या गुडघ्यावरून तसेच बसून राहिले. दुसऱ्याच्या श्रवणावर आपले कर्म टांगून ठेवण्याचा हा प्रसंग त्यांच्या आयुष्यात पहिलाच, आणि तो असा निद्रिस्त. अर्ध्या तासाने सारजाबाई स्वतःच जाग्या झाल्या, कान पुसला आणि पुन्हा टेकवला.

“घ्या,” म्हणाल्या.

एक आकडा. कागद.

“हाय का?”

“थांबा. परत वढा.”

त्यांनी परत ओढली.

“न्हाई. गेलं.”

धुळाजींचा हात सवयीने दगडाकडे वळला. स्वर विरल्यावर वरून तीन हात, हा पन्नास वर्षांचा परिपाठ.

“आता कशापायी?” सारजाबाई डोळे न उघडताच म्हणाल्या.

“तीन हात मारतो अजून. रीत हाय.”

“गेलं म्हनले की मी.”

निब दगडापासून बोटभर अंतरावर होती. त्या तीन हातांचे प्रयोजन काय, हे धुळाजींनी आजवर कोणाला सांगितले नव्हते. कानाने कौल दिल्यावरही कानावर पुरता भरवसा ठेवायचा नाही, म्हणून ते होते. आपल्याच इंद्रियाला ही अशी अट घालता येते. पण समोर निजलेल्या बाईचा शब्द घ्यायचा तर तो अख्खा घ्यावा लागतो, आणि वर तीन हात मारायला निबेवर धातूही नव्हता. धुळाजींनी हात मागे घेतला. निब पुसली, पेनातली शाई वाहणारी जी जीभ असते तिच्यावर बसवली, पेनात घातली. सारजाबाई हाताचा टेकू देऊन उठल्या आणि चुलीकडे गेल्या.

निब पोचवायला धुळाजी स्वतः गेले. दोन एसट्या बदलून आणि शेवटच्या फाट्यापासून पायी चालून शाळेत पोचेपर्यंत मधली सुट्टी झाली होती. संगीताबाई व्हरांड्यात टेबल घेऊन बसल्या होत्या. शेजारी कोरी कार्डे, आणि बॉलपेनने लिहिलेली सहाच. मनगटाला पट्टा बांधलेला. धुळाजींनी पेन पुढे केले आणि बाकावर टेकले. बाईंनी पहिले नाव लिहिले. मग वडिलांचे नाव, गाव, इयत्ता. दुसरे कार्ड ओढले. तिसरे. चौथ्या कार्डाच्या वेळी डाव्या हाताने पट्ट्याचे बक्कल सोडवून तो बाजूला ठेवला आणि यादीतले पुढचे नाव पाहिले.

धुळाजींना तिथेही काही ऐकू येत नव्हते. म्हणून ते बाईंच्या मनगटाकडे पाहत राहिले.

“मॅडम,” ते म्हणाले, “त्या दिशी म्या तुमच्या हाताला दोष दिलता. हात चांगला हाय. माझा कान गेलाय. दोन वर्षं झाली.”

बाईंचा हात थांबला नाही. “मला वाटलं होतं तसं,” त्या हळू आवाजात म्हणाल्या.

“मंग बोलला कावून न्हाईत?”

“तुमच्यापुढं कोण बोलणार, काका?”

धुळाजींनी मान डोलावली. हेच सुकन्येने सांगितले होते आणि हेच सारजाबाईंनी. इतक्या माणसांनी इतक्या आदराने दोन वर्षे त्यांना एकटे ठेवले होते, आणि तो आदर त्यांनी स्वतःच मोठ्या निष्ठेने मिळवला होता. कोणाला बोल लावायला जागा नव्हती. बाईंनी चहा मागवला. तो येईपर्यंत बारा कार्डे झाली.

घरी फळीवर अकरा पार्सले थांबली होती. सुकन्येला बसवून त्यांनी एकच मजकूर सांगितला आणि तो अकरा जणांना पाठवायला लावला. माझ्या कानाला आता बारीक आवाज येत नाही. गेल्या दोन वर्षांत तुमची एखादी निब घासून दिली असेल आणि तीत खरखर असेल तर ती माझी चूक आहे, तुमच्या हाताची नव्हे. तुमची निब न घासता परत पाठवतो आहे. मजकूर संपल्यावर सुकन्येने हळूच सुचवले की आत्याबाई ऐकतील, हळूहळू रोज एकेक होईल.

“मी न्हाई,” चुलीपासून सारजाबाई म्हणाल्या. “त्या लेकरायच्या कार्डापायी निजले पाटावर. लोकाच्या हौशी ऐकत किती दिस निजू?”

धुळाजींनाही ते पटले. हैदराबादच्या एका गृहस्थाचे उत्तर तासाभरात आले. खरखर राहिली तरी चालेल, आपल्या हातची निब असली म्हणजे झाले, असे त्यांनी लिहिले होते. सुकन्येने ते दोनदा वाचून दाखवले आणि सासऱ्याच्या तोंडाकडे पाहिले.

“काय लिहू मामा?”

“न्हाई म्हून लिव,” धुळाजी म्हणाले. त्यांनी त्या गृहस्थाची निब मऊ कागदात गुंडाळली, डबीत ठेवली, आणि दोरा बांधायला गाठीवर बोट धर म्हणून सुनेपुढे सरकवली.